दस्ता

झुलालदाजींच्या रायफलचा दस्ता मनगटाशी तडकला.
शिरपूरहून येताना, सोनगीरच्या अलीकडे,
जीपने खड्डा खाल्ला आणि मागच्या फळीवरून ती घसरली.
मुठीत धरायची जागा तेवढीच फुटली.

नळी चेकोस्लोव्हाकियाची.
तो देश आता नकाशात सापडत नाही,
पण नळीवर त्याचा नंबर आहे,
बोल्टवर तोच,
आणि दाजींच्या परवान्याच्या पुस्तकात निळ्या शाईने तोच.
वडिलांच्या नावावरून दाजींच्या नावावर आली
तेव्हा कारकुनाने साताचा एक केला होता.
त्याचा परत सात व्हायला दोन उन्हाळे गेले.

मी सुतार. पाळणे, पाट, तिफणीची दांडी.
आग्रा रोडच्या मुस्तन्सिरशेठनी बोलावलं, म्हणाले,
भिका, लाकूड तुझं, सही माझी.
रायफल दुकानाबाहेर जाणार नाही,
तूच ये पटाशी घेऊन.
मी म्हटलं, शेठ, लाकडाले कसाना कायदा?
ते हसले नाहीत. रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं,
जसं काही मला वाचता येणार होतं
चाळीस वर्षांचं ते बारीक अक्षर.
आधी अर्ज, म्हणाले. मग रंधा.

दाजींचा पुतण्या मोबाइलवर बोट फिरवत बसला होता.
उघडलीच आहे तर नळी चार बोटं कमी करा ना,
जीपमध्ये आडवी मावेल.
इंदूरला एक जण करून देतो, कागद मागत नाही.

शेठनी चष्मा काढला.
पोरा, चार बोटं कापलीस तर ही रायफल ही राहत नाही,
आणि तुझे काका काका राहत नाहीत.
आज परवानाधारक, उद्या आरोपी.
दाजी काहीच बोलले नाहीत,
फक्त पुतण्याच्या हातातून जीपची किल्ली काढून घेतली.

कचेरीत वाडिलेबाईंचं पेन एका रकान्यावर अडलं.
आयात की देशी?
नळी तिकडची, लाकूड इकडचं. काय लिहू?
पंखा अर्जाचे कोपरे उचलत होता.
शेठ म्हणाले, आयातच लिहा.
शेऱ्यात लिहा, दस्ता देशी, शिसव, वनखात्याची पावती सोबत.
बाई म्हणाल्या, शेऱ्याला एवढी जागा नाही.
पुढच्या सोमवारी या.

ते सोमवार मी मोजले नाहीत.
कागद मोजले.
दुकानदार कागदाच्या चोवीस ताव्यांनाही दस्ता म्हणतो.
फाईल एकवीसवर गेली तेव्हा मी शेठना म्हटलं,
अजून तीन, मग रायफलचे दोन दस्ते होतील.
या वेळी ते हसले.

परवानगी आली त्या दिवशी जुना दस्ता सोडवला.
अक्रोडाचा, हलका, पन्नास वर्षांच्या तेलाने काळा पडलेला.
नळी बसते त्या खाचेत, जिथं कुणाची नजर जात नाही,
पेन्सिलीची खूण होती:
एक अक्षर, मला न येणारं, आणि शेजारी लहानशी फुली.
तिकडच्या कुणा सुताराने
जेवणाच्या सुट्टीआधी केली असेल.

मी शिसव घासली. आठ दिवस.
शिसव पटाशीला लवकर होकार देत नाही,
आमच्याकडच्या माणसांसारखीच.
आणि शेवटी, खाचेत, पेन्सिलीने लिहिलं, भि.

शेठनी आरशासारखं वळवून पाहिलं.
हे काय?
काही नाही. मी.
पुस भिका. उद्या कुणी उघडली
आणि त्याला हा नंबर वाटला,
तर हा कुठल्या रकान्यात लिहायचा?

पुसलं. कागदी पॉलिशने, दोनदा.
पण पेन्सिल मी दाबून धरतो, सवय आहे,
लाकडात ती थोडी उतरलेली राहते.
उजेड तिरपा पडला तर.

दाजींनी खांद्याला लावून बघितली,
समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर डोळा धरला.
जड झाली रे, म्हणाले.
शिसव आहे दाजी.
मंग ऱ्हावू दे.